दुर्लक्षाची यादी

मिरगाच्या पहिल्या पावसात वीज जाणं गोव्यात कुणालाच नवं नाही. त्या रात्री ती गेली, आणि परत आली ती एवढ्या दाबाने की फोंड्याजवळच्या आमच्या घरातला राउटर, विहिरीवरचा पंप आणि चार्जिंगला लावलेला माझा लॅपटॉप, तिन्ही एकदम गेले. दोन दिवसांनी दुरुस्तीवाल्याने सांगितलं की बोर्ड जळलाय आणि डिस्कही वाचता येत नाही. लॅपटॉपच्या किमतीचं वाईट वाटलं. कामाची काळजी मात्र वाटली नाही, कारण रोज कामावरून उठण्याआधी कोड पुश करायची, म्हणजे तो दूरच्या सर्व्हरवर चढवायची, माझी सवय बारा वर्षांची आहे. रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फायली आणि त्यांच्या बदलांचा सगळा इतिहास, तिथे सुखरूप होती.

नवा लॅपटॉप आला. क्लोन केलं, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवून घेतली, बिल्ड म्हणजे बांधणी चालवली, आणि पडद्यावर ओळ आली की ‘लिब’मधलं मॉड्यूल सापडत नाही. वेबच्या भागात त्या नावाचं एक फोल्डर असायला हवं होतं. ते नव्हतं. मी सगळ्या ब्रँच उघडून पाहिल्या, लॉग पाहिला, काढून टाकलेल्या फायलींचा इतिहास चाळला. त्या फोल्डरमधली एकही फाईल कधी कमिट झालेलीच, म्हणजे इतिहासात नोंदली गेलेलीच, नव्हती. आठ महिने मी त्यात लिहीत होते, आणि आठ महिने गिट, म्हणजे हा इतिहास ठेवणारा प्रोग्राम, रोज संध्याकाळी मला सांगत होतं की कमिट करण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

त्या फोल्डरमध्ये काय होतं ते आधी सांगते. एका देवस्थानच्या महाजनांची नोंद संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. गोव्यातल्या बऱ्याच देवळांचा कारभार महाजन पाहतात आणि त्यासाठी पोर्तुगीज राजवटीतली १९३३ सालची नियमावली अजून आधाराला आहे. महाजनांच्या यादीला जुनी मंडळी आजही कातालोग म्हणतात. १९६१ पूर्वीच्या नोंदी रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या. त्या लेखनात के हे अक्षर जवळपास नाहीच. म्हणून कामत तिथे सीने सुरू होऊन कामोतीं होतात आणि केणी क्यूने सुरू होतात. प्रभूंचं पोरोबो, पैंचं पोय. शंकरातला श एक्सने लिहायचा. आजोबा एका पानावर कामोतीं आणि नातू चाळीस वर्षांनंतरच्या पानावर कामत. यंत्राला ती दोन वेगळी घराणी वाटतात.

माझे थोरले काका ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची शाळा पोर्तुगीजांच्या काळात सुरू झाली, त्यामुळे ती अक्षरं त्यांना वाचता येतात. गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, आम्ही रोज दिवेलागणीला वसरीवर बसायचो. मी नोंदींचे फोटो मोठे करून नाव वाचायचे आणि काका सांगायचे की हे आजचं कोणतं आडनाव, कोणत्या वाड्यावरचं, आणि तिथेच राहणारे दुसरे त्याच आडनावाचे लोक यांचे कुणी नव्हेत. जे त्यांना ठाऊक नसे ते डिचोलीच्या एका वृद्ध नातेवाइकांना फोन करून विचारत. असा चारशेहून अधिक जोड्यांचा तक्ता झाला. एका बाजूला जुनं लेखन, दुसऱ्या बाजूला आजचं, आणि तिसऱ्या रकान्यात काकांचा शेरा.

त्याच फोल्डरमध्ये नावं अकारविल्ह्याने लावणारा थोडा कोडही होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर केळेकर केसरकरांच्या आधी येतात, आणि देवस्थानच्या कचेरीतल्या कारकुनाला ते पहिल्याच पानावर खटकतं. तो कोड मी दोन दिवसांत परत लिहिला. माझ्या डोक्यात तो होताच. तक्ता माझ्या डोक्यात नव्हता.

गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं याची यादी गिटइग्नोर नावाच्या फाईलमध्ये असते. गिटमध्ये चेक-इग्नोर नावाची एक आज्ञा आहे. तिला व्ही हा पर्याय आणि एखाद्या फाईलचा मार्ग दिला की ती फाईल कोणत्या यादीतल्या, कितव्या ओळीतल्या, कोणत्या नमुन्यामुळे वगळली गेली ते ती सांगते. फाईल डिस्कवर नसली तरी चालतं. मी गेलेल्या फोल्डरमधल्या फाईलचा मार्ग लिहिला आणि उत्तर लगेच आलं. ‘लिब’, आणि पुढे तिरकी रेघ.

ती ओळ माझी नव्हती. प्रकल्प सुरू करताना गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर पायथन भाषेसाठी मिळणारी तयार गिटइग्नोर फाईल मी जशीच्या तशी आणून ठेवली होती. पायथनची पॅकेजं बांधताना ‘बिल्ड’, ‘डिस्ट’, ‘लिब’ अशी फोल्डरं तयार होतात, म्हणून ती नावं त्या यादीत आहेत, आणि पायथनपुरती ती योग्यच आहेत. माझ्या प्रकल्पात पायथनशेजारी जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा होती. जावास्क्रिप्टवाले हाताने लिहिलेला कोड ज्या फोल्डरात ठेवतात त्यालाही सर्रास लिब म्हणतात. नमुन्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये तिरकी रेघ नसेल तर गिट तो नमुना वरपासून खालपर्यंत प्रत्येक पातळीवर लावून पाहतं. शेवटची रेघ एवढंच सांगते की जुळणारी गोष्ट फोल्डर असली पाहिजे. ‘लिब’च्या आधी आणखी एक रेघ असती तर ती ओळ फक्त त्या गिटइग्नोरच्या शेजारी असलेल्या लिबपुरती राहिली असती. त्या न काढलेल्या रेघेपायी काकांच्या आठ महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या.

मला सगळ्यात जास्त लागली ती त्यातली शांतता. वगळलेल्या फाईलचं नाव घेऊन ॲड करायला गेलं तर गिट अडवतं, ही फाईल तुझ्या यादीत वगळलेली आहे असं स्पष्ट सांगतं. पण ॲडच्या पुढे नुसतं टिंब दिलं, म्हणजे इथलं सगळं उचल म्हटलं, की वगळलेलं सगळं मुकाट्याने मागे राहतं. मी नेहमी टिंबच द्यायचे. काय काय बदललंय हे सांगणारं स्टेटस विचारलं तरी तेच. वगळलेलंही दाखव असं वेगळं सांगितल्याशिवाय स्टेटस त्या फायलींचं नाव काढत नाही. दुर्लक्ष कर म्हटलं होतं, त्याने ते नेमकेपणाने केलं.

वगळण्याचा मला एवढा सोस का, याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी पणजीतल्या एका छोट्या कंपनीत होते. तिथल्या एका प्रकल्पात बांधणीतून निघालेलं सगळंच कमिट होत असे. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तरी बांधलेल्या फायली एकमेकींना भिडायच्या आणि मर्ज करताना, म्हणजे दोघांचं काम एकत्र जोडताना, दुपार जायची. मग एकदा कुणाच्या तरी कमिटबरोबर शंभर एमबीहून मोठी फाईल आली. गिटहब तेवढी फाईल घेत नाही. आम्ही ती काढली, नवं कमिट केलं, तरी पुश होईना. आधीच्या कमिटमध्ये ती होतीच. तिचं नाव गिटइग्नोरमध्ये घातलं, तरीही नाही. ज्या फाईलचा माग गिट आधीपासून ठेवतंय तिच्यावर त्या यादीचा काडीचाही परिणाम होत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. फाईल काढणाऱ्या आरएम आज्ञेला कॅश्ड हा पर्याय दिला की फाईल डिस्कवर राहते आणि गिट पुढे तिचा माग सोडतं, पण मागच्या इतिहासात ती तशीच बसून असते. शेवटी फिल्टर-ब्रँच वापरून इतिहासच गाळला. त्यात पुढच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलले, आणि प्रत्येकाला आपली जुनी प्रत टाकून नव्याने क्लोन करावं लागलं. तेव्हापासून माझा कल असा झाला की शंका आली की वगळायचं. तयार यादी जेवढी लांब तेवढं मला बरं वाटायचं.

ही अडचण गिटहून खूप जुनी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बांधणीचं साधन लिहिलं, त्यामागे त्यांच्या एका सहकाऱ्याची वाया गेलेली सकाळ होती. तो प्रोग्राममधली चूक शोधत बसला होता. चूक मूळ फाईलमध्ये केव्हाच दुरुस्त झाली होती, पण त्या फाईलची नव्याने बांधणी झालेली नव्हती, म्हणून चालत होता तो जुनाच प्रोग्राम. कोणती गोष्ट कशापासून होते आणि ती पुन्हा कशी करायची, हे मेकने लिहून ठेवायला लावलं. पुढे गिटसारखंच काम करणाऱ्या जुन्या सीव्हीएसला स्वतःची इग्नोर फाईल आली, नंतरच्या सबव्हर्जनमध्ये फोल्डरला चिकटणारा इग्नोर गुणधर्म आला, २००५ साली सुरू झालेल्या गिटमध्ये गिटइग्नोर आला. मला वाटतं, या सगळ्यांत मेकच्या सूचनांची मेकफाईल आणि इग्नोरची यादी एकाच वहीची दोन पानं आहेत. एका पानावर ‘हे असं करायचं’ आणि दुसऱ्यावर ‘म्हणून हे जपायचं नाही’. पहिलं पान कोरं असताना दुसऱ्यावर लिहायचा कुणाला अधिकार नाही. मी तो घेतला होता.

काकांना सांगायला मला चार दिवस लागले.

“काका, आपला तक्ता गेला.”

“गेला म्हणजे?”

“लॅपटॉपबरोबर गेला. माझ्याच एका ओळीमुळे तो सर्व्हरवर कधी चढलाच नाही.”

काका बराच वेळ वसरीच्या खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पानांचे फोटो आहेत?”

“ते आहेत. ते देवस्थानच्या संगणकावर आहेत.”

“मग बसूया परत. पण बाय, सगळं परत यायचं नाही. डिचोलीचे आता नाहीत.”

ते मे महिन्यात वारले होते. त्यांच्याकडून आलेल्या जोड्या कोणत्या, हेही मला आठवत नव्हतं. ते त्या तिसऱ्या रकान्यातच लिहिलेलं होतं.

आषाढभर पाऊस धरून होता. आम्ही परत बसायला लागलो. या वेळी काका हळू सांगत आणि मी प्रत्येक नावानंतर कमिट करत असे, इतकी भीती बसली होती. श्रावण सरत आला तसा आमच्या घरात माटोळीचा विषय सुरू झाला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला फळं, फुलं, शेंगा, रानातल्या वेली बांधतो. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, चिबूड, कवंडळ, कांगलं, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा, वाघनखीची फुलं. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. चवथीच्या आधी फोंड्याच्या बाजारात याचे ढीग लागतात, रानाकडच्या गावांतल्या बायका पहाटे येऊन बसतात. आमच्याकडे चौकट छपराला कायमची आहे, वर्षभर रिकामी लटकते. बांधलेलं सगळं सण झाला की उतरतं. सुकलेलं कवंडळ पुढच्या वर्षासाठी कुणी डब्यात भरून ठेवत नाही.

काकांकडे माटोळीची एक वही आहे. मी ती लहानपणापासून पाहिलीय, पण यंदा पहिल्यांदा नीट वाचली. त्यात फळांची नावं आहेतच. प्रत्येक नावापुढे ते कुठून आणायचं तेही आहे. कुळागराच्या वरच्या बांधावर, अमक्याच्या परसात, ओहोळापलीकडच्या कुड्याला. रस्ता रुंद झाला तेव्हा एक जागा खोडून त्याच ओळीत दुसरी लिहिलेली. एका वेलीपुढे फक्त ‘बाजार’, आणि खाली बारीक अक्षरात ‘रानात आता मिळत नाही’. माटोळी उतरवताना काकांना हुरहुर का वाटत नाही ते मला तिथे कळलं. ते जे टाकतात ते परत कुठून येणार हे वहीत असतं, आणि ती वही देव्हाऱ्याच्या कपाटात कुलपात असते.

त्या रात्री मी माझी गिटइग्नोर फाईल पूर्ण रिकामी केली आणि पहिल्या ओळीपासून हाताने लिहिली. तयार यादीतून एकही ओळ न वाचता घेतली नाही. प्रत्येक नमुन्याच्या वर हॅश चिन्हाने सुरू होणारी टिपेची एक ओळ: हे कोणत्या आज्ञेने तयार होतं. जिथे ती ओळ मला लिहिता आली नाही तो नमुना यादीत गेला नाही. प्रत्येक फोल्डरच्या आधी तिरकी रेघ. उद्गारचिन्ह लावून वगळलेल्यातलं काही परत आत घेता येतं हे मला माहीत आहे, पण बाहेरचं फोल्डरच वगळलेलं असेल तर आतल्या फाईलला ते उद्गारचिन्ह वाचवू शकत नाही, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. वगळतानाच कमी वगळावं.

लिहिताना लक्षात आलं की त्या यादीत दोन अगदी वेगळी कुळं मी एकत्र कोंबली होती. बांधणीचं फोल्डर, पायथनच्या कॅशचं फोल्डर, जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरतात ते नोड मॉड्यूल्स, ही पुन्हा करता येणारी. आणि त्यांच्याच शेजारी पासवर्ड असलेली एन्व्ह फाईल. ती रिपॉझिटरीत नसावी हे खरंच, पण ती कुठल्याही आज्ञेने परत तयार होत नाही. तिला वगळलं की तिची जबाबदारी आपल्यावर येते. ती दुसरीकडे कुठे ठेवली आहे हे लिहून ठेवायला हवं, आणि पासवर्डांच्या जागा रिकाम्या ठेवलेली नमुना फाईल कमिट करायला हवी. माझ्या एडिटरच्या वैयक्तिक फायली मी तिथून काढल्याच. त्यांच्यासाठी गिटमध्ये माझ्यापुरती जागतिक यादी ठेवता येते, किंवा डॉट गिटमधल्या इन्फो फोल्डरात एक्स्क्लूड नावाची फाईल असते. माझ्या सवयी सगळ्यांच्या यादीत कशाला? लॉक फाईलवरून मात्र मी अजून कुणाशीही वाद घालायला तयार आहे. ती यंत्राने लिहिलेली असते म्हणून काहीजण वगळतात. पण कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घेतली हे फक्त तीच सांगते. तिला वगळायचं म्हणजे माटोळी उतरवून वही टाकायची.

आणखी एक गोष्ट मला या काळात पुन्हा पुन्हा आठवत होती. २०२४ सालच्या गुड फ्रायडेला, २९ मार्चला, गोव्यात सुट्टी होती. रात्री उशिरा बातमी आली की एक्सझेड युटिल्स या फायली आकुंचित करणाऱ्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दुरून शिरायच्या सुरक्षित मार्गाने, आत जायला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्याने तो धागा सोडला नाही. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये ते होतं. घातक कोडचा मोठा भाग चाचणीच्या फायली म्हणून रिपॉझिटरीत उघड्यावर ठेवलेला होता, पण तो जागा करणारी बांधणीची स्क्रिप्ट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या संग्रहात होती. अशा संग्रहात यंत्राने तयार केलेल्या, रिपॉझिटरीत नसलेल्या स्क्रिप्ट असतातच, सगळ्यांना त्याची सवय, म्हणून तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. तेव्हा मी ते सुरक्षेची बातमी म्हणून वाचलं होतं. आता मला त्यातली ती सवय दिसते. ‘हे तयार होणारं आहे’ असं एकदा म्हटलं की माणसाची नजर त्यावरून घसरते, मग तिथे कुणी काही लपवो, किंवा माझ्यासारखीचं काही हरवो.

हल्ली दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी रिपॉझिटरी एका नव्या फोल्डरात ताजी क्लोन करते आणि तिथे शून्यापासून बांधते. बांधली गेली नाही तर त्या दिवशी दुसरं काम करत नाही. नेहमीच्या फोल्डरात, गिटकडे नोंद नसलेल्या फायली पुसणाऱ्या गिट क्लीनला डी आणि एन देऊन बघते. एन दिलं की ते काहीच पुसत नाही, काय पुसलं जाईल तेवढं सांगतं. त्याच्याबरोबर मोठा एक्स दिला तर फक्त वगळलेलं दिसतं, छोटा दिला तर वगळलेलं आणि अजून नोंदच न झालेलं, दोन्ही. मी मोठ्या एक्सची यादी एकेक ओळ वाचते आणि प्रत्येक नावाला मनात विचारते, तू कुठून परत येशील? पहिल्यांदा असं केलं तेव्हा तीन नावांना उत्तर नव्हतं. त्यातलं एक काकांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग होतं. चाचणीसाठी म्हणून मी ते तात्पुरत्या फोल्डरात टाकलं होतं.

नव्या तक्त्यात आता तीनशे चाळीस जोड्या आहेत. तो मी लिबमध्ये ठेवलेला नाही. मुळाशीच ‘नोंदी’ नावाचं फोल्डर केलंय, आणि त्यातल्या तिसऱ्या रकान्यात कुणी सांगितलं तेही आहे. बाकीच्या नावांपुढे रकाना रिकामा आहे. काका म्हणतात, राहू दे, कुणी ओळखीचं भेटेल.

परवा रात्री जेवण झाल्यावर त्यांचा फोन आला. आजोबांच्या पेटीत एक जुनी पावती सापडली होती, आणि त्यावर डिचोलीच्या वाड्यावरचं एक नाव.

“लिहून घे, बाय. क्यूने सुरू होतंय.”

ते एकेक अक्षर सांगत गेले आणि मी टंकत गेले. शेवटची दोन अक्षरं त्यांनी चष्मा बदलून पुन्हा वाचली. मी फाईल सेव्ह केली आणि फोन कानाला तसाच ठेवून स्टेटस विचारलं. तक्त्याच्या फाईलचं नाव लाल अक्षरांत दिसलं.

“दिसलं गो?” काकांनी विचारलं. आता ते दर वेळी विचारतात.

“दिसलं, काका.”